कोल्हापुरात राहायला येताय? उपनगर नंतर बघा, आधी गल्ली बघा

मुंबईहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर वकील आहेत. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झाल्यापासून त्यांचं निम्मं काम इकडं आलंय, त्यामुळं बिऱ्हाडच हलवायचा विचार आहे. ताई स्वतः घरून सॉफ्टवेअरचं काम करतात. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत. ते चिपळूणकडचे हिंदू, या सोलापूरच्या मुस्लिम, आणि ताईंची आई सोबत राहते. त्या लिहितात, “मुलांनी एकाच तऱ्हेच्या माणसांत वाढू नये असं वाटतं. पण रोज कुणाला तरी आम्ही कोण हे समजावत बसायचीही हौस नाही. शाळा, मैदान, दवाखाना जवळ हवा. कोणतं उपनगर बघू?”

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी घरा-जागांचं मूल्यांकन करतो. कर्जाची फाईल आली की त्या घरात जाऊन टेप लावायचा, कागद चाळायचे, शेजारच्याशी दोन शब्द बोलून खरं-खोटं बघायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा धंदा. त्या जोरावर सांगतो.

ताई, मुंबईत तुम्ही स्टेशनपासून किती लांब हे आधी विचारत असाल. कोल्हापुरात तो प्रश्न पहिला नाही. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दुचाकीवर अर्ध्या तासात माणूस पोचतो. इथं पहिला प्रश्न, पुराचं पाणी कुठवर येतं. दुसरा, घर महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर. तिसरा, ही वसाहत मुळात कुणी पाडली आणि कुणासाठी. तुम्हाला हवं आहे त्याचं उत्तर तिसऱ्यात आहे, पण पहिल्या दोनांत नापास झालेल्या घराला तिसरा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

पाण्याचं आधी. 2005, 2019 आणि 2021, हे तीन पूर इथल्या माणसाला पाठ आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी उठून आधी हा आकडा बघतो, मग चहा घेतो. 2019 आणि 2021 ला पातळी 55 फुटांच्या वर गेली होती.

नवख्या माणसाची फसगत होते ती अशी. नदीकाठची जागा त्याला कळते, कारण नदी दिसते. पण कात्यायनीच्या डोंगराकडून येणारा जयंती नाला भर शहरातून पंचगंगेला जातो, आणि नदी चढली की त्याच नाल्यातून पाणी उलटं आत येतं. म्हणून नदी डोळ्यांनाही दिसत नाही अशा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला नावा चालतात. दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, कसबा बावड्याची नदीकडची बाजू, ही नावं ऐकली की मी फाईल बाजूला ठेवून आधी तिथं जाऊन येतो. सगळंच उपनगर बुडतं असं नव्हे. त्याच नागाळा पार्कात दोनशे पावलांवर चढाला असलेल्या घरात पायरीही भिजलेली नसते.

एजंट सांगेल, “एकदाच आलं होतं साहेब, 2005 ला.” ऐकून घ्या, आणि तळमजल्यावर जा. दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग फुगलाय का. फरशीपासून कमरेपर्यंत प्लास्टर नवं आणि वरचं जुनं, असं आहे का. विजेचे मीटर डोक्याच्याही वर बसवलेत का, आणि बसवले असतील तर का, हे वॉचमनला विचारा. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की तुम्ही 2021 ला माल कुठपर्यंत वर चढवला. दुकानदार खोटं बोलत नाही, कारण त्याचं नुकसान त्याला अजून सलत असतं.

कागदावर बघायचं तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या किमान 45 सेंटिमीटर वर हवं. विकास आराखड्याच्या नकाशावर गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून हे बघता येतं. भाड्यानं राहणाराही बघू शकतो, फक्त बघत कुणी नाही.

आणखी एक, जे बाहेरच्याला सुचत नाही. घर कोरडं राहिलं तरी महापुरात नळ कोरडे पडतात. शिंगणापूर, बालिंगा इथले उपसा पंप नदीवरच आहेत; ते बुडाले की सगळ्या शहराला टँकर. 2019 ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि कित्येक दिवस दूध-पेट्रोलची ओढाताण झाली. आता काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आहे, 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं, त्यामुळं भार पुष्कळ हलका झालाय. तरी इमारतीला जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे आणि बोअर चालू आहे का, हे विचारायची लाज बाळगू नका.

आता हद्द. कोल्हापूरची 1972 ला महापालिका झाली, पण शहराची हद्द काही वाढली नाही. हद्दवाढ हा इथला तापलेला विषय आहे. त्यात मी पडत नाही. तुमच्यापुरता परिणाम एवढाच की आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, उचगाव, कळंब्याचा बराचसा भाग, हे सगळं दिसायला शहर आहे, पत्त्यात कोल्हापूर आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा आहे. 2017 ला अशा 42 गावांसाठी एक प्राधिकरण नेमलं गेलं, बांधकाम परवाने त्याच्याकडे गेले; रस्ता, गटर, कचरा मात्र ग्रामपंचायतीकडेच. घर बघायला गेलात की एकच विचारायचं, घरफाळा, म्हणजे घरपट्टी, कुठं भरता? त्या एका उत्तरात कचऱ्याची गाडी रोज येते की आठवड्यातून दोनदा, केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस दारापर्यंत येते की वडापची, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीची, वाट बघायची, सगळं कळतं.

हद्दीबाहेर भाडं कमी, हवा चांगली, पार्किंगचा प्रश्न नाही. पण पाचगावच्या वरच्या भागातल्या बायकांना उन्हाळ्यात पाण्याचं विचारून बघा. सगळ्या वसाहती तशा नाहीत. एखाद्या कॉलनीत पाणी दिवसाआड येतं, शेजारच्या कॉलनीत चौथ्या दिवशी, कारण टाकी वेगळी. उन्हाळ्यात तिथं टँकरचे नंबर फ्रीजवर चिकटवलेले असतात. मी स्वयंपाकघरात गेलो की फ्रीजकडे बघतो.

विकत घ्यायचं मनात असेल तर हद्दीबाहेर कागद दुप्पट तपासा. गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले, प्लॉट भरपूर आहेत, सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं एकत्र असतात. एन.ए., म्हणजे बिगरशेती, झालंय का, मंजूर नकाशा आहे का, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत ‘कम्प्लिशन’, मिळालंय का. कोल्हापुरात सहा-आठ फ्लॅटच्या छोट्या इमारतींचं पीक आहे, आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे मुंबईत तुम्ही मोबाईलवर बघून घेता ती माहिती इथं पुष्कळदा नसते. वकील घरातच आहेत, सर्च रिपोर्ट मात्र इथल्याच वकिलाकडून घ्या. इथल्या कुळांच्या आणि वारसांच्या नोंदी वाचायची सवय असलेला माणूस लागतो.

इतकं झालं की मग तुमचा खरा प्रश्न. मिसळ कुठं आहे? (कोल्हापुरात हा प्रश्न विचारलात तर तुम्हाला हॉटेलचा पत्ता मिळेल, म्हणून जपून.)

माझा अनुभव असा की उपनगराच्या नावावरून काहीच कळत नाही. कळतं ते वसाहत कशी वसली यावरून. ढोबळ मानानं इथं तीन तऱ्हा आहेत.

एक, संस्थानाच्या काळात आखून वसवलेले भाग. शाहूपुरी राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये व्यापारासाठी वसवली, गुळाच्या बाजारासाठी. राजारामपुरी त्यानंतरची, राजाराम महाराजांच्या काळातली. कुंभार गल्लीसारखे अपवाद सोडले तर दोन्हीकडं गल्ल्यांना जातीची, आडनावांची नावं नाहीत, नंबर आहेत. जुन्या पेठांत गल्लीच्या नावावरून तिथं कोण राहतं हे कळायचं; ‘पाचवी गल्ली’ म्हटल्यावर काहीच कळत नाही. व्यापारासाठी आलेले गुजराती, मारवाडी, लिंगायत, जैन, शेजारी मराठा, ब्राह्मण, मुस्लिम, ख्रिस्ती, डॉक्टर, वकील, खानावळवाले, अशी भर पडत गेली. आजही राजारामपुरीतल्या एका जिन्यातल्या पाट्या वाचल्या तर चार तऱ्हेची आडनावं सहज सापडतात. आणि मुख्य म्हणजे तिथल्या माणसाला त्याचं नवल नाही. तुमच्या आईंना सलाम करून पुढं जाईल, चौकशी करत थांबणार नाही.

दोन, साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या सोसायट्या. शिक्षकांची, एस.टी.वाल्यांची, बँकेतल्यांची, सरकारी नोकरांची. एका खात्यातली माणसं म्हणून जातीनं बऱ्यापैकी मिश्र. पण ती सगळी एकाच वयाची होती, एकदमच म्हातारी झाली. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. रस्ते स्वच्छ, झाडं मोठी, आणि संध्याकाळी सहा वाजता एक पोर खेळताना दिसत नाही. घर बघायला आलेल्यांना ही शांतता फार आवडते. मुलं आठ दिवसांत कंटाळतात. त्याच काळात काही सोसायट्या एकेका समाजानं आपल्यापुरत्याही काढल्या. सहकार कायद्यानं पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. पण एका समाजापुरती सोसायटी असणं बेकायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात म्हटलेलं आहे. हे तुमच्या मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. अशा ठिकाणी भाडेकरू म्हणून गेलात तर कुणी उघड काही बोलणार नाही, पण हळदीकुंकवाचं बोलावणं तुमच्या मजल्यावर येऊन वळेल. मुलांना ते तुमच्याआधी कळतं.

तीन, हद्दीवरचे आणि हद्दीबाहेरचे प्लॉट. इथं मात्र खरी सरमिसळ. राधानगरी-भुदरगडकडचा शेतकऱ्याचा नोकरदार मुलगा, निपाणी-चिकोडीकडचं कानडी बोलणारं कुटुंब, विद्यापीठातले प्राध्यापक, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या फाउंड्रीत आलेले उत्तरेकडचे कारागीर, निवृत्त फौजी, कोकणातून घाट चढून आलेले. फौजी तर इतके की पंधरा ऑगस्टला झेंडा कुणी लावायचा यावर प्रेमळ वाद होतो. सगळेच अलीकडे आलेले, त्यामुळं कोण मूळचा आणि कोण उपरा असा हिशेब ठेवणारं कुणी नसतं. अडचण एवढीच की सरमिसळ जिथं जास्त तिथं सोयी कमी. घर बघताना तुमची रस्सीखेच नेमकी इथं होणार आहे, आणि ती सोडवायला कोणताही एजंट मदत करणार नाही, कारण त्याच्या लेखी सगळीच लोकेशन ‘प्राईम’ असतात.

नुसत्या पाट्या मिश्र असून भागत नाही, माणसं एकमेकांकडं जातात का हे बघावं लागतं. त्यासाठी मी गणपतीच्या वर्गणीचं विचारतो. मंडळाची वर्गणी सगळ्या घरांत मागतात की निवडून? मंडळात कामं करणारी पोरं कुठली कुठली आहेत? ज्या गल्लीत मुस्लिम किंवा ख्रिस्ती पोरगा मंडपाचे बांबू धरून उभा असतो आणि त्याबद्दल कुणी भाषण करत नाही, ती गल्ली चांगली. कोल्हापूरच्या तालमींत ही रीत जुनी आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. 2018 ते 2020 अशी तीन वर्षं गणपती आणि मोहरम जोडून आले, तेव्हा काही तालमींत मूर्ती आणि पंजे एकाच छताखाली बसले होते. आम्हाला त्याची बातमी झाली याचंच आश्चर्य वाटलं.

पण गोड चित्र रंगवून तुम्हाला इथं आणायचं नाही. जून 2023 मध्ये याच शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. म्हणून ज्या गल्लीत घर ठरेल तिथल्या दोन-तीन जुन्या माणसांना त्या दिवसांत इथं काय झालं होतं, हे विचारा. काही गल्ल्यांत शेजाऱ्यांनी दुकानासमोर खुर्च्या टाकून बसून काढले ते दिवस. काही ठिकाणी लोक दारं लावून बसले. दोन्ही उत्तरं तुम्हाला उपयोगी आहेत.

शाहू महाराजांची वसतिगृहं या बाबतीत मला नेहमी आठवतात. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन, 1906 ला मुस्लिम, 1908 ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क. नंतर आणखी पुष्कळ. समाजागणिक छप्पर वेगळं ठेवलं, कारण त्या काळी एका छपराखाली कुणी आलंच नसतं. पण त्यातली कित्येक बोर्डिंगं दसरा चौकाच्या आसपास उभी राहिली. पोरं रात्री आपापल्या बोर्डिंगमध्ये, दिवसा एकाच रस्त्यावर, एकाच शाळा-कॉलेजात. घर निवडताना मी याच दृष्टीनं बघायला सांगतो. तुमच्या इमारतीत कोण राहतं याच्याइतकंच, मुलं खाली उतरून कुठल्या मैदानात, कुठल्या कट्ट्यावर जातात ते महत्त्वाचं आहे.

म्हणून संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात घर बघा. सकाळी अकराला एजंट दाखवतो तेव्हा सगळ्याच गल्ल्या सुसंस्कृत दिसतात. मैदान नसेल तरी मोकळा प्लॉट असतो, तिथं फुटबॉल चालू असतो. इथं क्रिकेटइतकाच फुटबॉल, आणि पेठांच्या संघांवरून घराघरांत भांडणं. मुलगीही खेळते का बघा. गल्लीत मुली सायकल चालवताना दिसल्या की त्या गल्लीबद्दल मी निम्मा निश्चिंत होतो. वाहनांचा वेग, मोकाट कुत्री आणि रस्त्यावरचे दिवे एकाच फेरीत दिसून जातात.

आता तो फोन, ज्याची तुम्हाला धास्ती असेल. जाहिरात बघून फोन लावलात की पहिल्याच मिनिटाला स्वतःचं पूर्ण नाव सांगा. काहीजण सल्ला देतात, मिस्टरांच्या आडनावानं बोला, नंतर बघू. मला ते पटत नाही. ज्या मालकाला नाव ऐकून ‘फ्लॅट कालच गेला’ असं म्हणायचंय, त्याला ते फोनवरच म्हणू दे. तुमची एक चक्कर वाचली. आईंसमोर जिन्यात उभं राहून ऐकण्यापेक्षा ते बरं. सांगायला वाईट वाटतं, पण असे फोन येतील. असे मालकही भेटतील ज्यांना भाडं वेळेवर आणि भिंतीला खिळे कमी, यापलीकडं काही नको असतं, आणि ते बरेच आहेत.

खाण्यावरून मात्र मुंबईइतका त्रास नाही. काही इमारतींत ‘फक्त शाकाहारी’ आहे, ते पाटी लावून मोकळे होतात. उरलेल्या कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर जी रांग लागते तिच्यात सगळे धर्म, सगळ्या जाती आणि सगळे पक्ष उभे असतात. तुम्ही मटण खात नाही असं सांगितलंत तरच लोक काळजीनं बघतील.

शाळेचं थोडक्यात. मुलीला कोणत्या माध्यमात ठेवायचं हे ठरवलं की निम्मी यादी आपोआप गळते. सेमी इंग्रजीच्या चांगल्या शाळा शहरात भरपूर आहेत, आणि मिश्र मुलं तिथंच जास्त भेटतात. महागड्या शाळांत फी हीच चाळण लागते. महापालिकेच्या शाळा ऐकून नाक मुरडू नका. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रात्रीपासून रांगा लावतात, दरवर्षी पेपरात फोटो येतात. शाळा आधी पक्की करा, मग तिच्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर बघा. रिक्षावाल्या काकांच्या रिक्षात पाऊण तास कोंबलेलं पोर घरी येऊन कुणाशी खेळायला जात नाही.

आईंसाठी दोन गोष्टी. लिफ्ट चालू आहे का, आणि चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं कुणी आहे का. मशीद म्हणा, बाग म्हणा, गप्पा मारायला बाक म्हणा. हद्दीबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर तरुणांचं बरं चालतं. दिवसभर घरात असणाऱ्या म्हातारीला तिथं एकटं पडायला होतं. तुम्ही लॅपटॉपसमोर असणार, म्हणजे दुपारी त्यांना सोबत गल्लीचीच. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय आणि बहुतेक मोठे खाजगी दवाखाने शहरात आहेत, आणि रात्री रिक्षा मिळणं हद्दीत सोपं. सोलापूरच्या माणसाला इथला पाऊसही झेपायला वेळ लागतो, तो वेगळाच विषय.

तेव्हा माझी निवड. पहिल्यांदा राजारामपुरी आणि तिच्या मागचा चढ बघा: टाकाळा, सागरमाळ, प्रतिभानगर, सम्राटनगरपर्यंत. उंचावर आहे, हद्दीत आहे, बाजार, शाळा, दवाखाने पायाखाली, जरा पुढं विद्यापीठाचा हिरवा परिसर सकाळी फिरायला. त्रास दोन: मुख्य रस्त्यावर पार्किंग मिळत नाही आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. आतल्या गल्लीत बघा, कमी वर्दळीच्या.

दुसरं, आर. के. नगर-मोरेवाडीची बाजू. हद्दीबाहेर असली तरी शेंडा पार्क लागूनच आहे, आणि बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कचीच जागा आहे. आज मिस्टरांना सीपीआरसमोरच्या इमारतीत यायला सकाळी वीस-पंचवीस मिनिटं लागतील. पुढं कोर्ट त्यांच्याकडं येईल. पाण्याची चौकशी मात्र मे महिन्यात करायची, डिसेंबरात नाही.

ताराबाई पार्क आणि रुईकर कॉलनी सगळे वकील आधी बघतायत. कोर्ट जवळ, झाडी छान. पण ऑगस्ट 2025 मध्ये बेंच सुरू झालं तसं घरमालकांचे भाव वधारलेत, आणि बंगल्यांच्या भागात शेजाऱ्याची ओळख व्हायला वर्ष जातं. बजेट असेल तर जरूर बघा. तुम्ही ज्यासाठी विचारताय ते तिथं जरा कमी मिळेल. कसबा बावडा मला स्वतःला आवडतो, गावपण टिकलेलं आहे, माणसं अडीअडचणीला धावून येणारी. पण ते आधी एक गाव आहे, आणि गावात नवीन माणसाला आपलं म्हणवून घ्यायला सणवार, लग्नकार्यं, मर्तिकं सगळीकडं हजेरी लावावी लागते. तुमची तयारी असेल तर फार छान. गांधीनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी उभं केलं, तिथं कपडे घ्यायला जा. राहायला तिथली बाजाराची गर्दी मुलांना सोसणार नाही.

पहिलं वर्ष विकत घेऊ नका. मेमध्ये या, भाड्यानं राहा, एक पावसाळा, एक गणपती आणि एक उन्हाळा त्याच गल्लीत काढा. मग घ्यायचं तर त्याच गल्लीत घ्या. तोवर कुठल्या जिन्यात कोण घर विकतंय हे एजंटाच्या आधी तुम्हाला कळत असेल.

भाडेकराराबद्दल एक. इथले बरेच मालक म्हणतील, “अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?” महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाईन होते, कुणाला कचेरीत जावं लागत नाही. करारात दोघांचीही पूर्ण नावं घाला आणि सोबत राहणाऱ्यांत आईंचं नाव लिहा. पोलीस पडताळणीचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून त्याची एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः नेऊन द्या, जमलं तर संध्याकाळी, म्हणजे घरात बसवून चहा देतील आणि चार घरांची नावं तिथंच कळतील.